पूर्वेच्या भिंतीवरचा खिळा

१

पाद्रीबाबा सिमेऑन यांनी घरावर शिंपडायच्या पवित्र पाण्यात रानतुळशीची जुडी बुडवली, पूर्वेच्या भिंतीकडे वळले आणि तिथेच थांबले.

त्या भिंतीवर दोन संतचित्रं असायची. वरचं मोठं, चांदीच्या पत्र्यात मढवलेलं, देवदूत मिखाइलचं. ते जागेवर होतं. त्याच्याखाली संत निकोलाचं एक लहान चित्र होतं, धुराने इतकं काळं पडलेलं की दाढी कुठे संपते आणि झगा कुठे सुरू होतो ते कळायचं नाही. ते नव्हतं. त्याच्या खिळ्याला चर्चचं कॅलेंडर टांगलं होतं.

"निकोला कुठे गेले?" पाद्रीबाबांनी विचारलं.

म्हातारा वितोमिर क्रुनिच खुर्चीतून उठला नाही. त्याने काठीचं टोक स्वयंपाकघराच्या दाराकडे रोखलं. तिथे स्लावोय्का ओले हात पुसत उभी होती.

"हिला विचारा. या घरात चोरी करायला दुसरं आहे कोण?"

मी तिथे नव्हते. पण द्रेनोवात एखादी गोष्ट कळायला तिथे असावं लागत नाही. दुपारच्या आत गावभर झालं, की वितोमिरच्या मेलेल्या बायकोच्या भाचीने घरचा संत चोरला. का चोरला, तेही गावाने ठरवून टाकलं. म्हाताऱ्याला हरवलेल्या भावाचा नातू सापडला होता, घर नातवाला जाणार होतं, म्हणून बाईचा जळफळाट झाला. आमच्या गावाला निकाल द्यायला पुरावा लागत नाही, कपभर कॉफी पुरते.

मी कोसारा. उभा जन्म शाळेत इतिहास शिकवण्यात गेला, त्यामुळे सगळं गाव मला बाई म्हणतं आणि जमेल तेवढं टाळतं. आता वाचनालयात शनिवारी एक वर्ग घेते. लोकांना आपलं कूळ शोधायला शिकवते. जुन्या नोंदी संगणकावर कशा बघायच्या, चर्चच्या वह्यांतलं अक्षर कसं लावायचं, कबरीवरच्या दगडावर किती विश्वास ठेवायचा. लोक येतात ते पूर्वज राजा निघेल या आशेने, आणि निघतो मेंढपाळ.

संध्याकाळी स्लावोय्का माझ्या दारात आली. पन्नाशीची, रुंद खांद्यांची, रडणं ठाऊक नसलेली बाई. मावशी आजारी पडली तेव्हा सेवेला म्हणून आली, मावशी गेली तरी तिथेच राहिली. म्हाताऱ्याचं जेवण, औषधं, डुकरं, आलुबुखाराची बाग, सगळं तिच्या अंगावर. जायला दुसरं घर नाही. आणि आता स्लावाच्या आदल्या दिवशी, म्हणजे कुळाच्या संताच्या सणाच्या आदल्या दिवशी, वितोमिर नोटरीकडे जाऊन नातवाशी आजन्म सांभाळाचा करार करणार होता. नातू म्हाताऱ्याला सांभाळेल, मेल्यावर घर नि बाग त्याची. नातवाने तिला गोड शब्दांत सांगूनही टाकलं होतं, की थंडी संपेपर्यंत कुठेतरी सोय बघा.

"बाई, मला घर नको," ती म्हणाली. "पण मी चोर म्हणून गाव सोडणार नाही. सगळ्या जगाचे कागद उकरता ना तुम्ही, मग माझं एवढं करा."

मी तिला दोन-चार प्रश्न खडसावून विचारले. चित्रांची ती चांगली खोली नातू आल्यापासून त्याच्या ताब्यात होती, तिने सप्टेंबरपासून तिथे पाऊल टाकलं नव्हतं. चित्र कधी गेलं ते तिला सांगता येत नव्हतं. जाता जाता मात्र ती वळली.

"एक सांगा. चांदीचं भिंतीवर ठेवून ते काळं फळकुट कोण नेईल?"

२

नातवाचं नाव दालिबोर क्रुनिच. चाळिशीचा, बानात प्रांताकडचा, गोरागोमटा, बोलायला तुपात घोळलेला. मी त्याला भेटायला गेले तेव्हा त्याने माझा कोट स्वतः काढून घेतला. मला अशी माणसं वर्गातही आवडायची नाहीत.

त्याची हकिगत गावाला पाठ होती. वितोमिरचा थोरला भाऊ मिलोये तरुणपणी भांडून घर सोडून गेला होता. त्याचं पुढे काय झालं, कुणाला ठाऊक नव्हतं. गेल्या हिवाळ्यात वितोमिर माझ्या वर्गात आला, बिस्किटांच्या डब्यात फोटो घेऊन. त्याने सांगितलं तशी मी वंशावळ मांडली आणि ती वाचनालयाच्या संकेतस्थळावर चढली. दालिबोर तिकडे आपलं आडनाव शोधत होता. त्याला ती दिसली, त्याने म्हाताऱ्याला फोन केला आणि सप्टेंबरअखेरीच्या एका शनिवारी दारात उभा राहिला. आपण मिलोयेच्या मुलाचा मुलगा, म्हणाला.

त्याचे कागद मी पाहिले. आडनाव खरं, आजोबांचं नाव खरोखर मिलोये. पण मिलोये क्रुनिच बानातात पायलीचे पन्नास मिळतील आणि आजोबांच्या मृत्यूच्या दाखल्यावर जन्मगावाची जागा कोरी होती.

"तुमचा विश्वास नाही माझ्यावर, बाई," तो हसत म्हणाला.

"माझा माझ्या सख्ख्या बहिणीवरही नाही. आजोबा घराबद्दल काय सांगायचे?"

तो मन लावून सांगू लागला. आजोबा संध्याकाळी ओसरीवर बसायचे आणि द्रेनोवाच्या आठवणी काढायचे. टेकडी, ओढा, बाग. त्यांचे वडील स्रेतेन याच घरात, याच खोलीत, बर्फ कमरेएवढं असताना जन्मले होते. पिढ्यान्‌पिढ्या क्रुनिच इथेच जन्मले आणि याच छपराखाली मेले. स्लावाही हीच, देवदूत मिखाइलची. आजी त्या दिवशी गहू शिजवायची, वर साखरेने क्रॉस काढायची. ऐकताना म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्या नाही आलं.

"द्रेनोवात मिखाइलच्या स्लावाला कुणी गहू शिजवत नाही," मी म्हटलं. "गहू मेलेल्यांसाठी. देवदूत मरत नाहीत."

क्षणभर त्याचे कान लाल झाले. मग म्हणाला, की बानातातले पाद्री ऐकत नाहीत, गहू हवाच म्हणतात. यात खोटं काही नव्हतं, तिकडचे पाद्री तसे असतात. एवढ्यावर मी त्याला पकडू शकत नव्हते आणि त्याला ते समजलं होतं.

मग त्याने आपणहून फोन काढून पहिल्या दिवसाचा फोटो दाखवला. त्याने तो येताक्षणी काढून सगळ्या जगाला दिसेल असा आपल्या पानावर टाकला होता. मागे भिंतीवर देवदूत, खाली कॅलेंडर, पुढे खुर्चीत वितोमिर आणि शेजारी खांद्यावरची बॅगही न उतरवलेला दालिबोर. म्हातारा दात काढून हसत होता. त्याला हसताना मी जन्मात पाहिलं नव्हतं.

निघताना वितोमिरने मला फाटकापाशी गाठलं. पोलिसांत जाऊया का, असं मी विचारल्यावर त्याने काठी आपटली.

"पोलीस नकोत. घरातली गोष्ट आहे. आणि तुम्ही, बाई, दुसऱ्यांच्या घरात नाक खुपसायचं बंद करा. नाहीतर वाचनालयाला छप्पर कोणी दिलं ते मी मंडळात बोलेन."

छपराची लाकडं त्यानेच दिली होती. ज्याच्या घरी चोरी झाली तोच चोर पकडू नका म्हणत होता.

३

शेजारी बोगोसाव हा स्लावोय्काचा हाडवैरी. बांधावरच्या अक्रोडावरून दोघांची वर्षानुवर्षं जुंपलेली. चोरीची बातमी दुकानात त्यानेच पोहोचवली होती. मला बघून त्याने राकियाचा, घरच्या आलुबुखाराच्या दारूचा, पेला पुढे सरकवला आणि न विचारता सुरुवात केली. ती बाई आधीपासूनच तसली, तिच्या कोंबड्यासुद्धा चोर, अक्रोड तर दिवसाढवळ्या नेते.

"चित्र तुम्ही शेवटचं कधी पाहिलंत?" मी विचारलं.

"नातू यायचा होता ना, त्याच्या आदल्या दिवशी. शुक्रवारी. म्हाताऱ्याने मला हाक मारली, चांगल्या खोलीत पलंग हलवायला. कारण महाराणी घरात नव्हत्या. सकाळच्या बसने बहिणीकडे चाचाकला गेल्या होत्या, मिरच्या भाजायला. म्हातारा एकटा टाकून."

"आणि चित्र होतं?"

"होतं म्हणजे? दोन्हींसमोर उभा राहून मी क्रॉसची खूण केली. माझ्या आईच्या माहेरचा संत निकोलाच, मी त्याला नाही ओळखणार? तिने नंतरच नेलं ते. रविवारी संध्याकाळी परत आली, मग हात मारला."

मी राकिया तशीच ठेवून उठले. तो मागून ओरडला, की तिला गावातून काढली तर पोतंभर अक्रोड मला देईन.

पाद्रीबाबांवरही माझा संशय होता, ते सांगून टाकते. बिशपच्या संग्रहालयासाठी जुनी चित्रं गोळा करायची त्यांना हौस आणि निकोलावर त्यांची नजर उन्हाळ्यापासून होती. मी सरळ विचारलं. पाद्रीबाबा चिडले, पण खोटं बोलणारा माणूस नाही तो. हो, मागितलं होतं म्हणाले. वितोमिरने हाकलून दिलं. आणि तो शुक्रवार-शनिवार ते घाटापलीकडच्या मठात होते, मठाधिपतींच्या अंत्यविधीला, अर्ध्या जिल्ह्यासमोर.

"मी त्याला एकच प्रश्न विचारला होता," ते म्हणाले. "घराला संत एक असतो. तुमच्याकडे दोन कसे? त्यावर तो असा खवळला की मी टोपीही तिथेच विसरलो."

आमच्याकडे कुळाचा संत बापाकडून मुलाला मिळतो. तो बदलत नाही, विकत मिळत नाही. एका भिंतीवर दुसरा संत यायला आमच्या मुलखात एकच वाट आहे. ती वाट जर या घरात आली असेल, तर माझ्याच वर्गात मांडलेली वंशावळ खोटी होती.

४

वर्गात मी पहिल्या दिवशी सांगते, की स्वतःपासून सुरुवात करा आणि एकेक पायरी मागे जा. नाव जुळलं म्हणून माणूस जुळला असं नाही. नवशिके नेमकं हेच करतात. त्याच गावचा, त्याच नावाचा, साधारण त्याच वयाचा कुणी दिसला की लावला झाडाला.

वितोमिरने मला सांगितलं होतं, की माझे वडील स्रेतेन क्रुनिच, १९०२ साली याच घरात जन्मले. बाप्तिस्म्याची नोंद संगणकावर होती, मीही पाहिली होती. आणखी पुरावा हवा, म्हटलं तर म्हातारा सगळ्या वर्गासमोर कडाडला, की स्वतःच्या बापाचं नाव मला शिकवणार का? नोंद चढली.

आता मी तालुक्याच्या कचेरीत गेले. तिथल्या बाईने नाक मुरडलं, मीही मुरडलं आणि मृतांच्या वह्या बाहेर आल्या. स्रेतेन क्रुनिच, १९०२चा, दोन वर्षांचा होऊन घटसर्पाने गेला होता. मेलेलं पोर लग्न करत नाही. मग मी लग्नाच्या नोंदी चाळल्या. वितोमिरची आई स्ताना क्रुनिच हिचं लग्न झालं होतं स्रेतेन येवतिचशी, राहणार प्लानिनित्सा, टेकडीपलीकडचं गाव. समोर पाद्र्याने शेरा मारला होता, की वर वधूच्या घरी राहायला गेला. येवतिचांचा संत निकोला.

म्हणजे वितोमिरचा बाप घरजावई होता. बायकोच्या घरात आला, तिच्या घराचा देवदूत स्वीकारला आणि आपला संत काखेत घेऊन आला. लोक पुढे त्याला क्रुनिचच म्हणू लागले. आमच्या डोंगरात घरजावयाला माणसात धरत नसत. त्याच्या पोरांना शाळेत काय ऐकावं लागत असेल, ते वेगळं सांगायला नको. टोमणे मारणारे आता सगळे टेकडीवरच्या कबरींत झोपलेत, म्हणून वितोमिरने बाप क्रुनिच करून टाकला. स्तानाच्या घरात लहानपणीच गेलेल्या त्या पोराचं नाव बायकांनी आठवणीत ठेवलं होतं, नाव एकच, झालं काम.

पोरांनी परीक्षेत कॉपी केली की ती बरोबर उत्तरावरून पकडता येत नाही. बरोबर उत्तर दोघांचंही येऊ शकतं. चुकीचं उत्तर बघायचं. दोन वह्यांत तीच चूक त्याच जागी आली, की एकाने दुसऱ्याची वही पाहिलीच. स्रेतेन या घरात जन्मला, ही गोष्ट जगात एकाच ठिकाणी लिहिलेली होती, माझ्या वंशावळीत. खऱ्या मिलोयेला आपला बाप टेकडीपलीकडून आला हे माहीत होतं. त्याने नातवाला हे सांगणं शक्य नव्हतं. दालिबोरच्या आजोबांनी ओसरीवर बसून वाचनालयाचं पान वाचलं होतं, असं म्हणायचं तर आजोबा ते पान चढायच्या किती आधी मेले होते, हे दाखल्यावरच होतं.

लबाड सापडला होता. पण मला शोधायचा होता चोर आणि तो दालिबोर नव्हता. फोटोत त्याच्या खांद्यावर अजून बॅग होती, तरी मागे खिळ्याला कॅलेंडर लागलेलं होतं. शुक्रवारी दुपारी बोगोसावने चित्र पाहिलं. शनिवारी दालिबोरने उंबरा ओलांडला तेव्हा ते गेलेलं होतं. स्लावोय्का शुक्रवार सकाळपासून रविवारपर्यंत चाचाकला, बहिणीच्या अंगणात, बायकांच्या घोळक्यात. तिला यातून सोडवणारा साक्षीदार तिचा वैरी होता आणि त्याला त्याचा पत्ताही नव्हता.

मधल्या वेळात घरात एकच माणूस होता.

५

तरी मला ते चित्र हवं होतं. नुसत्या हिशेबाने वितोमिर वाकला नसता.

मी विचार केला, की बाहेरचा चोर असता तर त्याने चित्र पोत्यात घातलं असतं, विकलं असतं, फार तर जाळलं असतं. वितोमिर यातलं काही करणार नाही. ज्या संतासमोर बापाला गुडघे टेकताना पाहिलं, त्याला कुणी जमिनीवर ठेवत नाही, अडगळीत उलटा टाकत नाही. तो कुठेतरी भिंतीवरच असणार, पूर्वेच्याच, आणि अशा जागी जिथे फक्त म्हातारा जातो.

स्लावोय्काला विचारलं. ती म्हणाली, बागेच्या टोकाला आलुबुखार धुरावर वाळवायची जुनी खोपटी आहे. कित्येक वर्षं बंद. किल्ली काकांच्या कमरेला. हल्ली पाय दुखत असूनही ते रोज सकाळी तिकडे एक फेरी मारतात, हवा खायला म्हणून.

नोटरीकडे जायच्या दिवशी सकाळी आम्ही दोघी बागेतून गेलो. खोपटीला कुलूप होतं. फळ्या मात्र जुन्या, मधे बोटभर फटी. मी डोळा लावला आणि सरळ उभी राहिले. मग स्लावोय्काने लावला. ती बराच वेळ तशीच वाकून होती.

आत पूर्वेच्या भिंतीवर काळं चित्र सरळ टांगलेलं होतं. त्याच्याखाली तेलाचा दिवा जळत होता, त्याच सकाळी भरलेला.

६

मी पाद्रीबाबांना आणि बोगोसावला बोलावणं धाडलं. बोगोसाव तमाशा बघायला मिळणार म्हणून धावत आला. स्वयंपाकघरात वितोमिर कोट घालून तयार बसला होता, दालिबोर त्याच्या बुटांची नाडी बांधत होता.

मी उभ्यानेच बोलले. आधी चोरीचं. बोगोसावचा शुक्रवार, दालिबोरचा फोटो, चाचाकच्या मिरच्या. बोगोसावला आपण काय साक्ष दिली ते समजलं तेव्हा त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. मग वाळवणाची खोपटी. वितोमिरचा हात कमरेच्या किल्लीकडे गेला आणि तिथेच राहिला.

मग वंशावळ. मृत्यूची नोंद, लग्नाची नोंद, प्लानिनित्साचा येवतिच. घरजावई हा शब्द मी मुद्दामच मोठ्याने उच्चारला, खोटं का बोलू. आणि शेवटी दालिबोरकडे वळले.

"तुमच्या आजोबांना माझ्या वहीतली चूक जशीच्या तशी कशी आठवत होती, तेवढं सांगा."

दालिबोर नाडी सोडून उठला. त्याने फारसा वाद घातला नाही. तिकडचा कारखाना बंद पडला होता, बायको पोरांना घेऊन गेली होती. आडनाव शोधता शोधता हे पान दिसलं, एक म्हातारा, एक घर, एक हरवलेला भाऊ. नुसता फोन करून बघू, असं ठरवलं.

"पण मी नीट सांभाळलं असतं यांना," तो म्हणाला. "ते काही खोटं नव्हतं."

"मला माहीत होतं," वितोमिर म्हणाला.

मला वाटलं, तो सांभाळण्याबद्दल बोलतोय.

"पहिल्या फोनपासून माहीत होतं, की हा आपला नाही. मिलोये गेला तेव्हा मी तेरा वर्षांचा होतो. अंगणात उभा राहून ओरडला होता, मी येवतिच आहे, या बायकांच्या घराचं नाव लावून मरणार नाही. तो आपल्या पोराला क्रुनिच नाव लावेल? निकोला सोडून मिखाइल धरेल?" त्याने नाक पुसलं. "म्हणून चित्र काढलं. हा आत आला असता, विचारलं असतं, हे कोण, आजोबा? मग सगळ्यांसमोर मला कळावं लागलं असतं, की हा आपला नाही."

"मग करार कशाला करत होता?" पाद्रीबाबांनी विचारलं.

"पुरुष होता. आडनाव क्रुनिच होतं. मी मेल्यावर स्लावाच्या दिवशी लावायची घराची मेणबत्ती विझली नसती, लोकांना तरी तसं दिसलं असतं. मला तेवढं पुरे होतं."

स्लावोय्का चुलीपाशी उभी होती. "आणि मला चोर का केलंत, काका?"

"पाद्र्याने विचारलं, काहीतरी सांगावं लागलं. तू तशीही जाणारच होतीस." तो तिच्याकडे बघत नव्हता. "तू चांगली आहेस. पण तू बाई आहेस आणि तू आमच्या रक्ताची नाहीस. मेणबत्ती परक्याच्या हातात देत नाहीत."

"तुमचे वडील कुणाच्या रक्ताचे होते? त्यांनी जन्मभर धरलीच ना?"

पाद्रीबाबा खिडकीबाहेर बघू लागले. बोगोसावने टोपी घातली, काढली. मला जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. मला त्या म्हाताऱ्याचा संताप आला होता. नुसत्या चोरीचा आला नसता, एवढा.

दालिबोर बॅग भरून दुपारच्या बसने गेला. त्याला निरोप कुणी दिला नाही. वितोमिर दारापर्यंत गेला, पण फाटक दालिबोरने जाताना स्वतःच लावलं.

मग आत येऊन तो स्लावोय्काला म्हणाला, की उद्या स्लावा आहे, पाहुणे येतील, सारम्याचं, कोबीच्या पानांत भरायच्या खिम्याचं, बघायला हवं. जणू काही घडलंच नव्हतं.

"कोबी काढून ठेवलाय," ती म्हणाली. "पण नोटरीची वेळ आजची आहे. ती फुकट घालवायची नाही. चला."

"सांभाळाचा करार तुझ्याशी? करीन. तेवढं तुला—"

"करार नाही. बक्षीसपत्र. आज सही, आज घर माझं."

तो भडकला. काठी आपटली, मेलेल्या बायकोचं नाव घेतलं, कृतघ्न म्हणाला, सापाला दूध पाजलं म्हणाला. करारात मी मरेपर्यंत मालक असतो, बक्षीसपत्र केलं तर तू मला उद्या रस्त्यावर काढशील. स्लावोय्का कोटाची बटणं लावत होती. तिने एकदाही आवाज चढवला नाही. एवढंच म्हणाली, की सही नसेल तर संध्याकाळची बस चाचाकला जाते आणि या वेळी मिरच्या भाजायला नव्हे.

म्हाताऱ्याने पाद्रीबाबांकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग बोगोसावकडे, तो तर पटकन म्हणाला की माझ्या घरी जागा नाही.

नोटरीने सगळं मोठ्याने वाचून दाखवलं, दोनदा विचारलं, समजलं का? वितोमिरने सही केली. मी साक्षीदार होते. बाहेर पायऱ्यांवर वारा बोचरा होता आणि तो एका जागी उभा राहिला, पुढे निघायला तयार होईना. क्रुनिचांच्या घराचा शेवटचा मालक, आता कशाचाच नाही.

"आता मी कुठे जाऊ?" त्याने विचारलं. त्याचा हा आवाज मी पहिल्यांदाच ऐकला.

स्लावोय्काने त्याच्या गळ्याभोवतीचा मफलर ओढून नीट केला, जरा जास्तच जोरात.

"घरी चला," ती म्हणाली. "माणसाला रस्त्यावर काढायला मी काही क्रुनिच नाही."